बंद जबडा घेऊन आलापल्लीहून

चंद्रपूर-गडचिरोलीला जाऊन आलो म्हटलं की आमच्या फलटणात पहिला प्रश्न येतो, "वाघ दिसला का?" नाही दिसला. वाघाची भीती मात्र मी घरूनच बांधून नेली होती, बायकोनं दिलेल्या दशम्यांच्या शेजारी, आणि तशीच न उघडता परत आणली. ज्या गोष्टीनं माझ्या तोंडचं पाणी पळालं, ती जंगलात नव्हतीच. ती माझ्याच कानाच्या खाली, दोन बोटं जागेत होती.

मी हायस्कुलात चित्रकला शिकवतो. चित्रकला शिक्षकाचा डिप्लोमा पुण्याला केला तेव्हा माझ्या खोलीवर चंद्रपूरचा रामटेके राहायचा. तोही आता तिकडं चित्रकलेचाच मास्तर आहे. इतक्या वर्षांत त्याचं एकच टुमणं, "अबे जगदाळे, मार्कंड्याले ये. देवळावरची चित्रं पाह्यशीन तर पागल होशीन." यंदा शिवरात्रीची जत्रा उठल्यावर रजा टाकली आणि गेलो.

चंद्रपूर

जुन्या राजधानीचा परकोट अजून गावाला कवेत घेऊन उभा आहे, आणि त्याच्या आतबाहेर कोळशाची धूळ. पांढरा सदरा घालून उतरलो, रामटेकेच्या घरी पोचेपर्यंत कॉलर काळी. घरात भगवान बुद्धांच्या तसबिरीखाली त्यानं स्वतः काढलेलं वैनगंगेचं जलरंगातलं चित्र होतं, आणि ते चांगलं होतं. मला जरा हेवाच वाटला.

जेवणात भात. आमच्याकडं भात ताकाबरोबर शेवटी येतो, पाहुण्यासारखा. इथं तो घरधनी. भात, लाखोळीच्या डाळीचं वरण, वांग्याची भाजी. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, सांबार टाकू का जास्त?" मी दचकलो. मग कळलं, इकडं कोथिंबिरीला सांबार म्हणतात. रामटेके ताटावर वाकून हसत सुटला. हा हसरा रामटेके लक्षात ठेवा, कारण पुढं तो तसा राहिला नाही.

मार्कंडा

मूल, चामोर्शी अशी गावं करत एसटीनं मार्कंड्याला गेलो. गडचिरोली जिल्हा वेगळा होऊन थोडीच वर्षं झालीत, कंडक्टरच्या तोंडी मात्र अजून सगळं "चांदा जिल्हा"च. रस्त्यानं दोन्ही बाजूंना पळस पेटलेला. वैनगंगा इथं उत्तरेला वळते, म्हणून जागेचं माहात्म्य. जत्रेचं गाव उठून गेलं होतं. नारळाच्या कवट्या, पालांच्या खुंट्यांची भोकं आणि एक कुत्रं तेवढं मागं राहिलं होतं.

आणि देऊळ! दगड असा पोखरलाय की बोट टेकायला कोरी जागा म्हणून नाही. हत्ती, नर्तकी, जोगी, मिथुनं, ओळीवर ओळ, आणि सगळ्यात सुंदर ओळ नेमकी वर. मी हट्टी माणूस. ठरवलं की या देवळाची एक अख्खी भिंत तळापासून शिखरापर्यंत उतरवून न्यायची.

आता आमच्या धंद्याची एक खोड सांगतो. उभ्यानं चित्र काढताना डाव्या हातात बोर्ड, उजव्या हातात पेन्सिल. मग गडद छटेची दुसरी पेन्सिल कुठं ठेवायची? खिशातून काढताना नजर हलते, आणि नजर हलली की ओळ चुकते. म्हणून ती दातात, आडवी. चित्रकलेच्या मास्तरांची कुठलीही पेन्सिल बघा, मागचा रंग चावून गेलेला असतो. मार्कंड्यात मी सकाळपासून ऊन उतरेपर्यंत मान मागं टाकून, वर बघत, दातात पेन्सिल करकचून धरून उभा राहायचो. रामटेके झाडाखाली बसून निवांत नदीचं चित्र रंगवायचा. "मान मोडंन बे तुई," तो म्हणायचा. मी पेन्सिलीआडून "हूं" म्हणायचो.

एक दिवस डोंग्यातून पलीकडच्या तीरावर गेलो, लांबून शिखर कसं दिसतं ते बघायला. उतरताना डोंग्याला ठोकलेल्या पत्र्याचा गंजका खिळा टाचेत घुसला. रक्त फारसं आलं नाही. रामटेके एकदम म्हणाला, "चामोर्शीले जाऊ. सुई टोचून घे." मी म्हटलं, "अरे, आमच्याकडं पायात काटा गेला की बिब्बा चटकावतात आणि नांगराला जातात." तो हसला नाही. मी नदीच्या पाण्यानं जखम धुतली, हळद दाबली, आणि संध्याकाळपर्यंत त्यानं तो विषय पुन्हा पुन्हा काढला. चित्र अर्धं राहील म्हणून मी टाळत राहिलो. भिंत पुरी झाली, टाच भरून आली, आणि मी खिळा विसरलो.

आलापल्लीच्या पुढं

मार्कंड्याहून आष्टी, आष्टीहून आलापल्ली. इथं सागवानाचं रान सुरू झालं आणि माझी बडबड बंद झाली. झाडं इतकी उंच की वर बघायची मला सवय झालेली असूनही मान दुखली. म्हणजे मी तेव्हा समजलो की झाडांमुळं दुखली. आलापल्लीच्या पुढं एका रानातल्या गावात रामटेकेच्या ओळखीचे मडावी म्हणून वनरक्षक राहतात. घर मातीचं, सारवलेलं, कुडाच्या कुंपणाचं अंगण. पहाटेपासून बायका टोपल्या घेऊन मोहाखाली वाकलेल्या. मोहाचा वास गोड, जरा डोक्यात चढणारा. मडावींच्या आईनं, त्यांना सगळे बाई म्हणतात, दोन्ही वेळ आंबील दिली. आमच्या ज्वारीच्या आंबिलीपेक्षा पातळ आणि जास्त आंबट. मी मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाग आली ती मानेच्या ठणक्यानं. मान डावीकडं वळेना. म्हटलं, उशी नव्हती, अवघडली असेल. अंगणात जाऊन दातवणाची काडी तोंडात घालायला गेलो आणि ती दातांवर आपटली. तोंड उघडलंच नव्हतं. पुन्हा उघडू गेलो. करंगळी जाईल एवढी फट झाली आणि कानापुढं अशी कळ आली की डोळ्यांत पाणी. जबडा तिथंच अडकला. हातानं खाली ओढला तरी हलेना.

दातखिळी. हा शब्द लहानपणापासून ऐकलेला. आमच्या आळीत एक बाळंतीण अशीच गेली होती. पहिल्यांदा तोंड मिटलं, मग मान ताठ झाली, मग पाठीची कमान. बायका दारात उभ्या राहून हेच क्रमानं सांगायच्या. माझं तोंड मिटलं होतं. मान ताठ होती. मी खाली टाचेकडं बघितलं. जखमेच्या जागी भुरकट खपली होती. डोक्यात एकच आलं: आता पाठ.

"रामटेके," मी दातांतून म्हटलं. ते "राटेके" असं आलं.

तो पेज पीत होता. त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं, मग मानेकडं, मग टाचेकडं. हातातली वाटी त्यानं इतकी हळू खाली ठेवली की मला त्याचीच जास्त भीती वाटली. चेहरा राखेसारखा.

मडावी म्हणाले, "काय झालं गुरुजी? वारा लागला काय मानेले?" त्यांच्या आईनं वाटीत मोहाच्या बियांचं तेल आणलं, कोमट केलेलं. "इकडं बस बाबू," त्या म्हणाल्या, "मान चोळून देतो. सुटते." त्यांची बोटं माझ्या मानेला लागणार एवढ्यात रामटेके ओरडला, "हात नोका लावू बाई! त्याले कोनी हात नोका लावू!"

ज्या घराची आंबील प्यायली त्या घरच्या म्हातारीवर ओरडायचं म्हणजे काय! बाईंनी तेलाची वाटी मागं घेतली. मला लाज वाटली, पण भीती त्याहून मोठी होती. रामटेके मडावींना बाजूला घेऊन गेला. ऐकू आलं ते एवढंच, "गाडी पायजे. आत्ताच पायजे."

ट्रक

एसटी दुपारची. मडावी सायकल दामटत गेले आणि बांबू भरलेला एक ट्रक अडवून आले. ड्रायव्हर बल्लारशाचे, पिकल्या दाढीचे, सगळे त्यांना चाचा म्हणत. त्यांनी मला केबिनमध्ये घेतलं. मी खिडकीपाशी, मध्ये रामटेके. निघताना बाईंनी पितळी लोट्यात पेज दिली. चघळायचं तर शक्यच नव्हतं. दातांच्या फटीतून सुरसुर ओढून घेतली. गिळली गेली. मनात म्हटलं, गिळता येतंय अजून. मग त्या 'अजून'नंच मला घाम फुटला.

त्या वाटेचं वर्णन करायला हवं, प्रवासवर्णन आहे. पण खरं सांगतो, मी रान बघितलंच नाही. मी माझी पाठ बघत होतो. खड्डा आला, अंग उडालं, की वाटायचं, आला! हा झटका खड्ड्याचा की आतला? पोटऱ्या आवळून बघायचो, ढिल्या सोडून बघायचो. पोटऱ्या ऐकतात ना, मग ठीक. आणि भीतीनं मी दात आणखीच आवळत होतो. मोठ्या मुलीची दहावी, घराचा वरचा मजला अर्धा, बायकोला यातलं काही ठाऊक नाही. तिला कळेल तेव्हा मी कुठल्या अवस्थेत असेन? हे सगळं एकदम मनात येई आणि मग काहीच येईना, नुसता इंजिनाचा आवाज. मरणाची भीती मी आधी कधी घेतली नव्हती. ती अशी असते हे मला माहीत नव्हतं. ती ओरडत नाही, शेजारी येऊन बसते.

चाचा म्हणाले, "मास्टर, बात करते रहो. बात करने से डर कम होता."

"चाचा, गाडी धीरे," रामटेके म्हणाला, "और हॉर्न मत बजाना." मग माझ्याकडं वळून, अगदी हलक्या आवाजात, "उजेड टोचते का डोळ्याले?" मी मानेनंच नाही म्हणू गेलो, तर कळ आली. त्यानं खांद्यावरचा टॉवेल खिडकीला लावला, उन्हाची तिरीप अडवली, आणि वाटभर तो टॉवेल हातानं धरून बसला. मी कण्हलो तरी त्यानं मला स्पर्श केला नाही. इतका जवळचा मित्र, आणि मांडीला मांडी लागू नये म्हणून अंग चोरून बसलेला. मला वाटलं, हा मला सोडून चाललाय. त्या क्षणी त्याचा रागही आला.

दवाखाना

वाटेतल्या एका मोठ्या गावी सरकारी दवाखाना होता. चाचांनी ट्रक फाटकाबाहेर उभा केला आणि मला म्हणाले, "अल्ला खैर करेगा." पुढं बांबू पोचवायचा असूनही ते बराच वेळ तिथं उभे होते, हे मला रामटेकेनं नंतर सांगितलं.

डॉक्टरीणबाई नागपूरच्या, वयानं माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या. रामटेके एका दमात बोलला: खिळा, टाच, सुई नाही, तोंड बंद, मान ताठ. त्यांनी मला टेबलावर निजवलं आणि पोटावर हात ठेवला. दाबलं. "मऊ आहे," त्या स्वतःशीच म्हणाल्या. पाय वाकवले, पाठीखाली हात घालून बघितला. मग म्हणाल्या, "आता मी एक पट्टी घशाला लावणार आहे. काय होतं ते मला बघू द्या. घाबरू नका."

करंगळीएवढ्या फटीतून चपटी लाकडी पट्टी आत सरकली आणि घशाला लागली. मला अशी ओकारी आली की सकाळची पेज नाकातून येते की काय! डोळे पांढरे झाले, मी पट्टी ढकलून दिली. बाई हसत होत्या.

"छान," त्या म्हणाल्या. "धनुर्वातात असं होत नाही. पट्टी लागली की तोंड उलट कचकन मिटतं. तुम्ही तर ओकायला निघाले."

आयुष्यात ओकारीसाठी कुणी शाबासकी दिली नव्हती. पण मी त्यांच्यावर विश्वास ठेवायला तयार नव्हतो. दातांतून म्हटलं, "मग तोंड का उघडत नाही?"

त्यांनी माझ्या कानामागून गळ्याखालच्या हाडापर्यंत जाणारी मानेची जाड दोरी चिमटीत धरली आणि दाबली. मी किंचाळलो. दाबलं मानेत, आणि कळ गेली थेट कानापुढं, जबड्याच्या बिजागरीत! "इथं दुखतं ना? जबड्यात?" त्यांनी विचारलं. "काम काय करता तुम्ही?"

रामटेकेनं देऊळ सांगितलं, वरची ओळ सांगितली, आणि मग माझ्या पेन्सिलीची नक्कल करून दाखवली. बाईंनी कपाळावर हात मारला. म्हणाल्या, "मान मागं टाकून वर बघा आणि मग दात मिटून पाहा. घरी कुणालाही करायला सांगा. खालचा जबडा मागं ओढला जातो, तोंड आपोआप उघडतं. ते मिटून धरायला दुप्पट जोर लागतो. तुम्ही रोज तासन्‌तास तेच केलं. मान आणि जबडा म्हणजे एका घरातल्या दोन जावा. एक दमली की तिचं काम दुसरीवर पडतं, आणि मग दोघी एकदमच रुसतात. सांध्याची वाटी जराशी अडकली आहे, बाकी काही नाही. आणि भीतीनं तुम्ही दात आवळत राहिले, म्हणून आणखी घट्ट."

मग गरम पाण्याची बादली आली, त्यात बुडवून पिळलेला टॉवेल मानेला गुंडाळला, पुन्हा पुन्हा. व्हरांड्यातल्या बाकावर मला बसवून बाईंनी ती दोरी वरून खाली चोळली, कानापुढं अंगठा ठेवून जबडा जरा खाली, जरा पुढं आणला. बराच वेळ काही झालं नाही. मग कानात कट्‌ असा आवाज आला आणि तोंड उघडलं. दोन बोटं, मग तीन. मी रडलो. सरळ सांगतो, लहान पोरासारखा रडलो, उघड्या तोंडानं. सुई तरीही टोचून घेतली, आता कोण नाही म्हणणार!

रामटेकेनं तेव्हा कुठं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

डॉक्टरीणबाई दुसऱ्या रोग्याकडं गेल्या. मी नुसतं तोंड उघडत होतो, मिटत होतो. तेव्हा मला आणखी कुणीतरी दिसलं. समोर व्हरांड्याच्या टोकाला एक खोली होती, खिडकीवर काळं घोंगडं टाकलेलं, दार लोटलेलं. दाराशी एक तिशीची बाई बसून होती. ती मघापासून तिथंच असणार. टॉवेल, चोळणं, माझं रडणं, सगळं तिनं बघितलं असणार. ती उठली. माझ्या बाकाजवळच्या बादलीत तिनं टॉवेल बुडवला, पिळला, आणि वाफाळता टॉवेल घेऊन त्या काळ्या खोलीकडं निघाली.

मला एक क्षणभर काहीच कळलं नाही. रामटेकेला कळलं. त्याच्या तोंडातून आवाज फुटणार होता, पण त्यानं स्वतःच स्वतःच्या तोंडावर हात दाबला आणि चपला काढून अनवाणी धावला. मीही धावलो. त्यानं तिचं मनगट धरलं तेव्हा दार वीतभर उघडलं होतं. त्या वीतभर उजेडात मला खाट दिसली. माणूस टाचांवर आणि डोक्यावर टेकलेला, मधली पाठ खाटेपासून उचललेली. ओठ ताणून हसल्यासारखे. तो हसत नव्हता. आम्ही आणलेल्या त्या एवढ्याशा उजेडानंच त्याला ताण आला होता. रामटेकेनं दार ओढून घेतलं.

"सोड मले," ती कुजबुजली. "माह्या माणसाचंबी असंच तोंड बसलं. बांबूचा खुंट घुसला पायात. या गुरुजीची मान चोळली, तं उघडलं ना याचं? मंग माह्याच माणसाले काऊन नाई चोळाचं?"

ती माझ्याकडं बघत होती. माझं तोंड उघडं होतं, तीन बोटं जातील एवढं. मी ते मिटलं. मला लपायला जागा हवी होती.

रामटेके तिच्यासमोर खाली बसला. इतक्या वर्षांत त्यानं मला जे सांगितलं नव्हतं, ते त्यानं तिला सांगितलं. "बाई, माह्या लहान्या भावाले झालं होतं हे. आमी गावात होतो. मान ताठ झाली म्हून माय चोळे, बाप चोळे, मी पाय धरून बसलो होतो. जेवढे हात लावले तेवढे झटके आले. आमी त्याले सोडलंच नाई." मग त्यानं लोटलेल्या दाराकडं बोट केलं. "त्याले हात लावू नोका. डॉक्टरीणबाईची सुई चालू आहे. त्याले अंधार पायजे अन् गुमसुम पायजे."

टॉवेलमधून पाणी फरशीवर गळत होतं. तिनं तो हळूच खाली ठेवला, आवाज होऊ नये असा. मग विचारलं, "हात नाई लावाचा, बोलाचं नाई. मंग म्या काय करू?"

चंद्रपूरची एसटी फाटकात येऊन उभी राहिली होती, कंडक्टर आमच्याकडं बघून हात करत होता. रामटेकेनं त्याला जा म्हणून खूण केली.

"बसा," रामटेके म्हणाला. "आमीबी बसतो."